परसातल्या कोंबड्या : उन्हाळ्यात पिल्लं, पावसाळ्यात अंडी, कापणीनंतर तलंगा. नेमकं काय येतंय?

लांजेकरीण (प्रश्न)

गाव लांजा तालुक्यात, जंगल घरापासून हाकेच्या अंतरावर. परसात २२ पक्षी आहेत : १४ गावठी कोंबड्या-तलंगा (तरुण कोंबड्या), ६ गिरिराज आणि २ कोंबडे. खुराडं ६ बाय ४ फुटांचं. खाली चिऱ्याचा एक थर, त्यावर लाकडी चौकट, दोन्ही लांब बाजूंना दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळते ती दीड इंची षटकोनी जाळी, वर कौलं. दाराला एक आकडा. जमीन कातळाची, वीतभर मातीखाली पहार लागत नाही. पक्षी दिवसभर मोकळे असतात, संध्याकाळी सातला दार लागतं. आत बसायला दांड्या नाहीत, सगळे जमिनीवरच बसतात.

नुकसान तीन तऱ्हांचं आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसाढवळ्या पिल्लं एकेक करून कमी होतात. ना पीस, ना रक्त. जुलै-ऑगस्टमध्ये अंडी टरफलासकट नाहीशी होतात. आणि आता भातकापणी झाल्यावर रात्रीत दोन तलंगा मेलेल्या सापडल्या. डोकं आणि मान नाही, बाकी धड शाबूत, जाळीला लागूनच पडलेल्या. दार बंदच होतं, जाळी कुठे फाटलेली नाही.

हे एकाच जनावराचं काम आहे की वेगवेगळी आहेत? कातळावर जाळी पुरता येत नाही, तर काय करायचं? शेजारचे विष घाला म्हणतात, ते मला करायचं नाही.

---

खुराडेवाला

ताई, तीन वेगळी आहेत. पिल्लांचं आणि अंड्यांचं इथले इतर जाणकार सांगतीलच, मी रात्रीच्या प्रकाराबद्दल लिहितो.

डोकं-मान गायब, धड आत, जाळी शाबूत, याचा अर्थ जनावर आत आलेलंच नाही. रानमांजर (बाऊल) किंवा उदमांजर बाहेरून एका बाजूला फिरतं, आतल्या कोंबड्या घाबरून दुसऱ्या बाजूच्या जाळीला जाऊन दाबल्या जातात, आणि मग ते वळसा घालून तिथे येतं. दीड इंची भोकातून पंजा सहज आत जातो. नखं अडकली की मान बाहेर ओढायची, तेवढीच खायची. धड भोकातून निघत नाही म्हणून मागे राहतं. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते, जनावराला बाहेर ठेवण्यासाठी नाही. तिची तार इतकी बारीक असते की कुत्रं दाताने फाडतं आणि पीळ एका जागी सुटला की हातभर उसवत जाते.

त्यात तुमच्याकडे दाटी आहे. ६ गुणिले ४ म्हणजे २४ चौरस फूट, त्यात २२ पक्षी. रात्रीच्या निवाऱ्याला पक्ष्यामागे दीड चौरस फूट तरी हवा. सगळे जमिनीवर बसले की निम्मे जाळीला टेकलेलेच असणार. खुराडं वाढवायची गरज नाही, दांड्या घाला. लांब बाजूंना समांतर अशा तीन दांड्या, जाळीपासून एक फूट आत, एकमेकींत एक फूट अंतर ठेवून. चार फुटांच्या रुंदीत त्या बरोबर बसतात. सहा-सहा फुटांच्या तीन म्हणजे १८ फूट, पक्ष्याला साधारण पावणेदहा इंच जागा मिळते. आठ-नऊ इंच पुरतात. तिन्ही एकाच उंचीवर हव्यात, नाहीतर सगळ्यात वरच्या दांडीसाठी रोज मारामारी होते. उंची दोन फुटांच्या वर नको. गिरिराज जड पक्षी आहे, उंचावरून उडी मारून तळव्याला जखम करून घेतो. दांडी दोन ते अडीच इंच जाडीची, कडा गोल केलेली. बांबू चालेल, पण गुळगुळीत बांबूवर जड पक्ष्याची पकड सुटते, म्हणून त्यावर सुंभ गुंडाळा.

आता जाळी. वेल्डमेश घ्या, अर्धा इंच बाय अर्धा इंच, १८ गेज किंवा त्याहून जाड. गेजचा आकडा कमी तितकी तार जाड, दुकानात उलट समजून बारीक माल घेऊन येणारे खूप असतात. अर्ध्या इंचातून मुंगूस नाही, घूस नाही, पंजाही नाही. जाळी चौकटीच्या बाहेरून ठोका. आतून ठोकलेली जाळी बाहेरच्या धक्क्याने खिळ्यांसकट उपटून येते. बाहेरून ठोकली की धक्का जाळीला चौकटीवरच दाबतो. यू-खिळे दर तीन इंचांवर, आणि त्यावरून एक इंची लाकडी पट्टी स्क्रूने आवळा. नुसत्या खिळ्यांवर विश्वास नको, पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं आणि खिळे ढिले होतात. शिवाय जाळीचा खालचा दीड फूट फळीने किंवा जुन्या पत्र्याने झाकून टाका. बाहेरच्या जनावराला आतला पक्षी दिसला नाही तर ते तिथे ठाण मांडत नाही. वरचा भाग मात्र उघडा हवाच, नाहीतर आत अमोनियाचा वास कोंडतो आणि सर्दी-खोकला सुरू होतो.

कातळावर पुरू नका, पसरा. जाळीची दीड फूट रुंद पट्टी चौकटीच्या तळाला बांधून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी टाका, बाहेरच्या कडेवर चिरे ठेवा, जमल्यास सांध्यावर सिमेंटचा हात फिरवा. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतं, दीड फूट मागे जाऊन उकरायला लागत नाही. माती असलेल्यांनी फूटभर खोल पुरून तळाशी बाहेर वळवावी, काम तेच.

कौलं विसरू नका. उदमांजर आंब्याच्या फांदीवरून छपरावर उतरतं आणि कौल नाकाने सरकवतं. रिपांवर कौलांच्या खाली तीच अर्धा इंची जाळी ताणून घ्या. छपरावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ते तिथून ये-जा करतंय हे नक्की. छपरावर आलेल्या फांद्या सहा फूट तरी मागे छाटा.

दाराचा एक आकडा पुरत नाही. जनावर खालचा कोपरा नाकाने रेटतं, दार वाकतं, आकडा आपोआप उचलला जातो. वर एक, खाली एक अशा दोन सरक्या कड्या लावा आणि दार मिटल्यावर फट अर्ध्या इंचाहून कमी राहील असं बसवा.

शेवटचं आणि फुकटचं : सातला दार लावता, पण नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. जून-जुलैत सव्वासातच्या सुमारास मावळतो, तेव्हा सात ठीक होते. आत्ता तुमचं दार अंधारात जवळजवळ तासभर उघडं असतं, आणि रानमांजराची शिकारीची खास वेळ तीच.

---

लांजेकरीण

दांड्यांचा हिशोब पटला. पण रानमांजर की उदमांजर, हे कसं ओळखायचं? काही फरक पडतो का?

---

खुराडेवाला

पडतो, कारण एक खालून येतं आणि एक वरून. खुराड्याभोवती दोन फूट रुंदीत चुलीतली चाळलेली राख पसरा, अर्धा इंच थर. दंव पडायच्या आधी नको, अंधार पडला की टाका, आणि पहाटे कोंबड्या सोडण्यापूर्वी बघा. गोल ठसा, चार बोटं, नखं उमटलेली नाहीत, घरच्या मांजरापेक्षा थोडा मोठा : रानमांजर. पाच बोटं उमटली तर उदमांजर किंवा मुंगूस. रात्रीचं असेल तर मुंगूस नाही, ते दिवसाचं जनावर. चार बोटं आणि पुढे नखांचे टोचे : कुत्रं किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा लांबट, अरुंद असतो, कुत्र्याचा पसरट.

मेलेल्या पक्ष्यावरूनही कळतं. पाच-सहा पक्षी मारलेले, पाठीची कातडी फाटलेली, लाळेने पिसं ओली, पण खाल्लेलं काहीच नाही, ही भटकी कुत्री. पक्षी अख्खा नेलाय, पिसांची रेघ कुंपणापर्यंत गेलीय, तो कोल्हा किंवा रानमांजर. रात्री जमिनीवर बसलेल्या पक्ष्याचे पाय किंवा पंखाखालचा भाग कुरतडलाय, ती घूस. आणि अंगावर एकही खूण नसताना ओळीने पक्षी मरायला लागले, माना वाकड्या, हिरवट हगवण, तर जनावर शोधत बसू नका. ती मानमोडी (राणीखेत रोग) आहे. सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

---

वारूळ

जुलै-ऑगस्टच्या अंड्यांबद्दल. टरफलाचा तुकडासुद्धा नाही म्हणजे अंडं अख्खं गिळलंय. हे साप करतो किंवा घोरपड. कावळा आणि भारद्वाज अंडं फोडून खातात, मुंगूस एक टोक फोडून चाटतं, टरफल तिथेच किंवा जवळच्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) सापडतं. आणि घरट्यातलं गवत पिवळ्या बलकाने चिकट, कोंबडीच्या चोचीलाही बलक, असं असेल तर ती स्वतःच अंडी खातेय. कॅल्शियम कमी पडतंय, वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा.

साप की घोरपड हे वेळेवरून ओळखा. घोरपड उन्हाची तिरीप आली की दुपारी येते, मातीत मधोमध शेपटीची रेघ आणि दोन्हीकडे नखांचे ओरखडे सोडते. संध्याकाळी मोजलेली अंडी सकाळी कमी भरली तर साप. नाग अंडी आणि पिल्लं दोन्ही खातो. धामण मुख्यतः उंदरांमागे येते, वाटेत पिल्लू मिळालं तर सोडत नाही. घोणसही उंदरांसाठीच येते, पण तिच्यावर पाय पडण्याचा धोका माणसाला.

पावसाळ्यातच हे का वाढतं? बिळांत पाणी भरतं. साप, घूस, उंदीर सगळे उंच आणि कोरडी जागा शोधतात, आणि परसातली सगळ्यात उंच, कोरडी, उबदार जागा खुराडं असते. गवत कमरेएवढं वाढतं, त्यामुळे आडोसा थेट दारापर्यंत मिळतो. घोणसची पिल्लं आणि नागाची अंड्यातून निघालेली पिल्लंही याच सुमारास बाहेर पडतात.

करायचं काय :

अंडी दिवसातून दोनदा उचला, अकराच्या सुमारास आणि चारला. बहुतेक कोंबड्या दुपारच्या आत अंडं घालतात. रात्री घरट्यात अंडी राहिलीच नाहीत तर सापाला परत यायचं कारण उरत नाही. अंधारात घरट्यात हात घालू नका. आधी बॅटरी, मग काठीने गवत हलवून बघायचं, मग हात. खुडूक बसलेल्या कोंबडीखालीसुद्धा.

खाद्य रात्री आत नको. सांडलेले दाणे म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे साप. मोकळ्या सोडलेल्या पक्ष्याला बाहेर चरून वर ४०-५० ग्रॅम दाणे पुरतात, तेवढेच संध्याकाळी टाका, दहा-पंधरा मिनिटांत संपले पाहिजेत. उरलेलं उचला. पोतं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

खुराड्याभोवती सात-आठ फूट गवत कापलेलं. लाकडाच्या मोळ्या, चिऱ्यांचा ढीग, जुनी कौलं हे सगळं वीस फूट लांब. हे काम मेमध्येच उरका. पावसात ढीग हलवायला गेलात तर आत काय बसलंय ते कळत नाही.

चिऱ्यांच्या थरातली भोकं सिमेंटमध्ये काचेचा चुरा मिसळून बुजवा, म्हणजे घूस पुन्हा उकरत नाही.

काय चालत नाही तेही सांगतो. फिनाईल, कार्बोलिक, गंधक, लसूण यांनी साप अडत नाही. कार्बोलिकने मात्र कोंबड्यांचे पाय भाजतात. नायलॉनची मासेमारीची जाळी तर अजिबात लावू नका. साप तिच्यात अडकतो, मेला नाही तर चवताळलेला असतो, आणि सोडवायला जाणारा धोक्यात येतो. पक्क्या जाळीचाही एक घोळ आहे : इंचभराच्या एखाद्या भोकातून रिकाम्या पोटी आत आलेला साप अंडी किंवा पिल्लू गिळल्यावर त्याच भोकातून बाहेर पडू शकत नाही, आणि सकाळी दार उघडणाऱ्याच्या समोर वेटोळं घालून बसलेला सापडतो. म्हणून जाळी लावायची तर सगळीकडे अर्धा इंची, एक भोकही मोठं सोडायचं नाही.

आत साप दिसला तर दार उघडं टाकून कोंबड्यांना बाहेर येऊ द्या, दहा फुटांवरून लक्ष ठेवा, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. काठी घेऊन मारायला जाताना होणारे दंश सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखे. दंश झालाच तर १०८, दंशाचा हात-पाय हलवायचा नाही, आवळून बांधायचा नाही, चिरायचा नाही, थेट सरकारी रुग्णालय.

---

शिक्रा_नव्हे_घार

एप्रिल-मेच्या पिल्लांचा दोष सगळे घारीला देतात. घार नेतेच, पण झाडाझुडपांच्या परसात खरा चोर बहुधा शिक्रा असतो. घार मोकळ्या अंगणावर गोल घिरट्या घालते, ती कोंबडीला दिसते, कोंबडी 'कर्र' करून पिल्लं पोटाखाली घेते. शिक्रा आंब्याच्या किंवा फणसाच्या आतल्या फांदीवर गप्प बसतो आणि जमिनीलगत सरळ रेषेत येतो. कोंबडी ओरडेपर्यंत पिल्लू गेलेलं असतं. मार्च ते जून हा त्याचा विणीचा काळ, घरट्यात पिल्लं असतात तेव्हा फेऱ्या वाढतात. गावकावळ्याचाही विणीचा हंगाम पावसाच्या आधीचाच. भारद्वाज कुंपणाच्या बुडाशी चालत येऊन आठवड्याच्या आतलं पिल्लू उचलतो, त्याला तर कोणी शिकारी पक्षी म्हणून मोजतच नाही.

यावर जाळी-पत्र्याआधी पंचांग बदला. उन्हाळ्यात रवण (अंड्यांवर कोंबडी) बसवूच नका. नोव्हेंबरच्या मध्याला खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की २१ दिवसांनी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं निघतात, आणि फेब्रुवारीच्या मध्याला दहा आठवड्यांची होतात. मार्च उजाडेपर्यंत ती शिक्र्याला उचलायला जड झालेली असतात. थंडीत अंडी फलतातही चांगली. उन्हाळ्यात खोलीचं तापमान वर गेलं की गर्भ मरायला लागतो, म्हणजे उन्हाळी रवणीत दुहेरी तोटा.

तरीही उन्हाळ्यात पिल्लं असलीच तर पहिले चार-पाच आठवडे डालगं (पालथी झाकायची टोपली). डालगं लहान पडत असेल तर ४ बाय ३ फूट, दीड फूट उंच असा हलका पिंजरा करा, तळ नसलेला, रोज जागा बदलता येईल असा. डालग्यावर दगड ठेवा, कुत्रं नाकाने उलटवतं. सावलीतच ठेवा, एप्रिलच्या उन्हात डालग्याखाली पिल्लं तासाभरात धापा टाकतात.

मोठ्या पक्ष्यांसाठी अंगणावर सुतळीच्या समांतर रेघा ओढा, आठ फूट उंचीवर, एकमेकींत एक फूट. पांढरी, डोळ्यांना दिसणारी जाड दोरी हवी. पतंगाचा मांजा किंवा मासेमारीची तंगूस नको, पक्ष्याचे पंख कापतात. जमिनीवर दर पंधरा फुटांवर दोन झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) एकमेकांना टेकवून कोंबड्यांना शिरायला आडोसा करा. कारली-दोडक्याचा मांडव उत्तम, पण तो पावसात भरतो, ऐन मेमध्ये नुसत्या काठ्या असतात. म्हणून झापंच.

चकाकत्या सीडी, फिती, बुजगावणं यांचा उपयोग थोडेच दिवस. कावळ्याला तर दुसऱ्या दिवशी कळतं.

---

ऊसपट्टा

कोकणाचं झालं, देशावरचं थोडं भर म्हणून टाकतो, इथे जुन्नर-आंबेगाव-शिरूरकडचेही वाचणारे असतील.

आमच्याकडे ऋतू पावसाने नाही, तोडणीने बदलतो. ऊस उभा असेपर्यंत रानमांजर, कोल्हा, मुंगूस आणि बिबट्याही त्यातच राहतात. नोव्हेंबरपासून फड तुटायला लागले की आडोसा एका दिवसात जातो आणि सगळं बांधावर, ओढ्यात, वस्तीच्या कडेला येतं. ज्या आठवड्यात शेजारचा फड तुटतो त्या आठवड्यात कोंबड्या मोकळ्या सोडूच नयेत. कारखान्याची टोळी कधी येणार ते आधी कळतं, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. खोडवा (तुटलेल्या उसाचा नवा फुटवा) हातभर वाढला की पुन्हा आडोसा तयार होतो, तेव्हा फडाकडची बाजू बंद आणि घराकडची उघडी असं दार बदललं तर फायदा होतो.

बिबट्याचं कोंबडी हे मुख्य खाणं नव्हे, पण खुराड्याजवळ बांधलेलं कुत्रं आणि उकिरड्यावर टाकलेली मेलेली कोंबडी त्याला ओढून आणते. मेलेला पक्षी तीन फूट खड्ड्यात, चुना टाकून पुरा. कापलेल्या कोंबडीची आतडी-पिसं उघड्यावर नकोत. खुराडं घराच्या भिंतीला लागून, शेताच्या टोकाला नाही. जुन्नरला माणिकडोह इथे बिबट निवारण केंद्र आहे, पण पिंजरा लावायचा निर्णय वन विभागाचा, तुम्ही-आम्ही लावायचा नाही.

विषाचं ताई नाही म्हणाल्या ते बरोबरच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, नाग, धामण, शिक्रा सगळेच संरक्षित आहेत. घोरपड, अजगर आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब जमत नाही : विष घातलेला उंदीर कोंबडीच आधी खाते, आणि एक मुंगूस मेला तर त्या जागेत दुसरा येतो. कुंपणात थेट लाईटची तार सोडणाऱ्यांबद्दल तर लिहायचीही लाज वाटते, त्यात दरवर्षी माणसं मरतात.

---

लांजेकरीण

राख टाकली होती. चार बोटं, गोल, नखं नाहीत. म्हणजे रानमांजर. दार आता सूर्य मावळायच्या आधी लागतंय.

तीन शंका उरल्या. एक, मुंगूस दिवसा येतो त्याचं काय? कोंबड्या मोकळ्या असतात तेव्हा खुराड्याचा उपयोग नाही. दोन, उन्हाळ्यात खालचा दीड फूट झाकला आणि रात्री दार बंद ठेवलं तर गुदमरणार नाहीत का? आमच्याकडे मेमध्ये सगळे दार उघडं ठेवतात. तीन, जमिनीवर पसरलेली जाळी पहिल्याच पावसात गंजणार नाही का?

---

खुराडेवाला

मुंगूस : मोठ्या मोकळ्या कोंबडीवर तो सहसा पडत नाही, गावठी कोंबडी उडते आणि कोंबडा अंगावर जातो. त्याचं लक्ष पिल्लं, अंडी आणि बंद जागेतले पक्षी यांच्यावर. खुराड्यात शिरला तर पक्ष्यांना पळता येत नाही, फडफड थांबेपर्यंत तो एकामागून एक मानेला चावत सुटतो, म्हणून एकदम चार-पाच मरतात. रक्त पितो वगैरे खोटं. तेव्हा दिवसासुद्धा खुराड्याचं दार नुसतं अर्धवट लोटलेलं ठेवू नका. एक तर सताड उघडं किंवा पक्कं बंद. सकाळी नऊ-दहापर्यंत पक्षी आतच ठेवलेत तर बरीचशी अंडी घरट्यात पडतील, गडग्यात लपवून घातली जाणार नाहीत. मुंगसाला परसाची चटक गडग्यातल्या अंड्यांनीच लागते. गडग्याच्या बुडाची झुडपं दोन फूट मागे सारा, उघड्यावरून चालत यायला तो कचरतो. गिरिराजवर मात्र लक्ष ठेवा, त्या उडत नाहीत आणि धावण्यातही मागे पडतात.

उन्हाळा : मेमध्ये दार उघडं ठेवणं हेच उन्हाळ्यातल्या रात्रीच्या नुकसानीचं पहिलं कारण. हवा दारातून नको, जाळीतून हवी. खालचा दीड फूट बंद, त्यावर दोन्ही लांब बाजूंना पूर्ण जाळी, आणि कौलांच्या आढ्यापाशी दोन्ही टोकांना एकेक फूट जाळीची खिडकी. गरम हवा वरून निघते, गार हवा जाळीतून येते. दांडीवर बसलेल्या पक्ष्यांचं अंग फळीच्या वरच असतं, त्यांना वारा लागतो. फार उकडत असेल तर संध्याकाळी कौलांवर झापं टाकून त्यावर पाणी मारा. पावसाळ्यात पश्चिमेकडच्या जाळीवर गोणपाट किंवा ताडपत्री सोडायची, पण खालून वीतभर वर, टेकलेल्या ताडपत्रीमागे साप बसतो.

गंज : लागणारच. विष्ठा, ओल आणि तांबडी माती यात जाळीचा खालचा वीतभर भाग आधी जातो, वरचा चकचकीत दिसत राहतो आणि माणूस फसतो. लावण्यापूर्वी खालचा फूटभर आणि आडवी पट्टी बिटुमेन रंगाचे दोन हात देऊन घ्या. दरवर्षी मेच्या शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खालची तार टोचून बघा, तुटली तर तेवढीच पट्टी बदला, सगळी उसकवू नका. बिटुमेन पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. ओल्या रंगावर कोंबड्या चोच मारतात आणि पायाला फासून घेतात, तो मग रॉकेलने नाही, खोबरेल तेल चोळून काढायचा.